भातगिरणीचा आराखडा आणि संगणकावरील गणनेचे मॅक्रो

शेती हा जसा मातीचा आणि पाण्याचा उद्योग आहे, तसाच तो हिशेबाचाही उद्योग आहे. खाचरात उत्तम पीक उभे राहिले तरी ते कोठे, केव्हा आणि कोणत्या रूपात विकावे याचा निर्णय चुकला, तर वर्षभराच्या कष्टांचे मोल हाती येत नाही. मुळशी तालुक्यातील माण आणि त्याच्या आसपासच्या गावांत हा प्रश्न विशेष निकडीचा झाला आहे. हिंजवडीच्या माहिती तंत्रज्ञान उद्यानाचा विस्तार माणच्या शिवारात झाला असून रस्ते, इमारती आणि वसाहती यांनी भातखाचरांना वेढले आहे. एकीकडे दारातच मोठे गिऱ्हाईक आले आहे. दुसरीकडे ज्या जमिनीत भात पिकावयाचे तीच कमी होत आहे. अशा स्थितीत भातगिरणीसारखा जोडधंदा उभारणाऱ्या शेतकऱ्यांनी आपला आराखडा कसा तपासावा, आणि त्या कामी संगणकावरील मॅक्रोचा उपयोग कसा करावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

शेतीच्या हिशेबाची परंपरा या भागास नवी नाही. पुण्याच्या कृषि महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मॅन यांनी माणपासून फार दूर नसलेल्या पिंपळे सौदागर या गावाची बारकाईने पाहणी करून तिचा वृत्तांत १९१७ साली प्रसिद्ध केला. त्या गावातील सरासरी जमीनधारणा १७७१ मध्ये सुमारे ४० एकर होती, ती १९१५ पर्यंत सुमारे ७ एकरांवर आली, असे त्यांनी दाखविले. आज ते गाव पिंपरी-चिंचवड महानगराचा भाग आहे. जमिनीचे क्षेत्र ही कायम राहणारी गोष्ट नव्हे, ती काळाबरोबर बदलणारी संख्या आहे, हा त्या पाहणीतून निघणारा बोध पुढील संपूर्ण विवेचनाचा पाया आहे.

कोष्टक, सूत्र आणि मॅक्रो

संगणकावरील हिशेबाचे पान म्हणजे आडव्या ओळी आणि उभे स्तंभ यांनी आखलेले मोठे कोष्टक होय. प्रत्येक चौकटीत एक संख्या किंवा एक सूत्र लिहिता येते. एका चौकटीतील संख्या बदलली की तिच्यावर अवलंबून असलेली सर्व उत्तरे आपोआप बदलतात. अशा प्रकारचे ‘व्हिजिकॅल्क’ हे साधन १९७९ साली बाजारात आले. १९८३ सालच्या ‘लोटस वन-टू-थ्री’मध्ये मॅक्रोची सोय होती आणि १९९३ पासून ‘एक्सेल’मध्ये मॅक्रो लिहिण्यासाठी स्वतंत्र आज्ञाभाषा मिळाली. ‘लिबरऑफिस कॅल्क’ हे तशाच उपयोगाचे साधन विनामूल्य मिळते. शेतकरी गटास आरंभी तेवढे पुरेसे आहे.

मॅक्रो म्हणजे एका नावाखाली बांधून ठेवलेली आज्ञांची मालिका. घरातील जाणती व्यक्ती “लावणीची तयारी करा” एवढेच म्हणते आणि रोपे काढणे, जुड्या बांधणे, चिखलणी झालेल्या खाचरात त्या टाकणे ही कामे ठरलेल्या क्रमाने होतात. तसेच मॅक्रोचे नाव घेताच संगणक त्याखालील सर्व आज्ञा क्रमवार पार पाडतो. मात्र माणसास क्रम चुकल्याचे उमगते, संगणकास उमगत नाही. चुकीची आज्ञाही तो तितक्याच तत्परतेने पाळतो. यास्तव मॅक्रो लिहिण्यापूर्वी हिशेबाचा नियम कागदावर पक्का करणे अगत्याचे आहे.

आधी गृहीते लिहावीत

समजा, माण परिसरातील काही भातउत्पादकांनी एकत्र येऊन छोटी गिरणी काढण्याचे योजिले आहे. त्यांनी प्रथम ‘गृहीते’ या नावाचे स्वतंत्र पान करावे व प्रत्येक संख्येसमोर तिचे परिमाण लिहावे. पुढील आकडे केवळ रीत समजावी म्हणून धरलेले आहेत. प्रत्येक गटाने त्यांच्या जागी स्वतःच्या गावचे आकडे घालावेत.

१. एकरी भाताचे उत्पादन : १६ क्विंटल
२. घरखर्चासाठी ठेवावयाचे भात : एकरी ४ क्विंटल
३. भाताचा विक्रीदर : क्विंटलला २,६०० रुपये
४. तांदळाचा उतारा : भाताच्या ६२ टक्के
५. तांदळाचा विक्रीदर : क्विंटलला ५,५०० रुपये
६. भरडाई : भाताच्या क्विंटलला २०० रुपये
७. पोती, हमाली व वाहतूक : तांदळाच्या क्विंटलला ४०० रुपये

येथे एक नियम कटाक्षाने पाळावा : कोणतीही संख्या सूत्राच्या अथवा मॅक्रोच्या पोटात दडवू नये. २०० रुपये भरडाई हा आकडा मॅक्रोच्या आज्ञेतच लिहिला, तर पुढील वर्षी भरडाई २३० झाल्यावर तो बदलावयाचा राहून जाईल आणि उत्तर चुकेल. संख्या ‘गृहीते’ पानावर असावी, मॅक्रोने ती तेथून वाचावी.

पहिला हिशेब : भात विकावे की तांदूळ?

घरखर्चाचे भात वजा जाता एकरी १२ क्विंटल भात विक्रीस उरते. ते तसेच विकल्यास १२ × २,६०० = ३१,२०० रुपये येतात. भरडून विकल्यास ६२ टक्के उताऱ्याने ७.४४ क्विंटल तांदूळ मिळतो व त्याचे ४०,९२० रुपये होतात. त्यातून भरडाईचे २,४०० आणि पोती-वाहतुकीचे २,९७६ रुपये वजा केले की ३५,५४४ रुपये उरतात. म्हणजे भरडून विकण्यात एकरी ४,३४४ रुपये अधिक मिळतात. कणी व कोंडा यांचे मूल्य सोपेपणासाठी येथे धरलेले नाही. ते गटास मिळत असेल तर त्याची वेगळी ओळ करावी.

या हिशेबात बी, खते, लावणी, बेणणी यांचा खर्च का नाही, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. भात विकले काय आणि तांदूळ विकला काय, तो खर्च दोन्ही मार्गांत सारखाच असतो. दोन पर्यायांची तुलना करताना जो खर्च दोहोंत समान आहे तो वगळता येतो. त्याचप्रमाणे जमिनीची विक्री-किंमतही येथे आणू नये. जमीन राखावी की विकावी हा प्रश्न फार मोठा व वेगळा आहे. तो भात भरडण्याच्या प्रश्नात मिसळल्यास दोन्हींची उत्तरे बिघडतात.

हा हिशेब वारंवार करावयाचा असल्याने त्याचे ‘फंक्शन’ जातीचे मॅक्रो करावे. त्यास विक्रीचे भात, उतारा, तांदळाचा दर, भरडाई आणि पोती-वाहतूक अशा पाच संख्या द्याव्यात. त्याच्या पोटातील नियम असा :

निव्वळ प्राप्ती = भात × उतारा × (तांदळाचा दर − पोती-वाहतूक) − भात × भरडाई

संगणकास आज्ञा रोमन लिपीत व ठराविक इंग्रजी शब्दांत द्याव्या लागतात, परंतु त्यांचा अर्थ वरीलप्रमाणेच असतो. आरंभी ‘फंक्शन’ हा शब्द व त्यापुढे मॅक्रोचे नाव, मध्ये वरील नियम आणि शेवटी ‘एंड फंक्शन’ अशी तिची रचना होते. एकदा हे मॅक्रो झाले की कोणत्याही चौकटीत त्याचे नाव लिहून ते साध्या बेरजेप्रमाणे वापरता येते.

निरनिराळ्या उताऱ्यांसाठी त्याची उत्तरे अशी येतात. उतारा ५० टक्के असल्यास २८,२०० रुपये. ५४ टक्के असल्यास ३०,६४८. ५८ टक्के असल्यास ३३,०९६. ६२ टक्के असल्यास ३५,५४४ आणि ६६ टक्के असल्यास ३७,९९२ रुपये. भात तसेच विकल्याची प्राप्ती ३१,२०० असल्याने उतारा सुमारे ५५ टक्क्यांखाली गेला की भरडण्यात तोटा आहे, हे उघड होते. इंद्रायणीसारख्या सुवासिक वाणाचा दर चांगला मिळतो, हे खरे. परंतु भात नीट न वाळविता भरडले आणि कणी अधिक पडली, तर तो दर हाती लागत नाही. हिशेबाने दाखविलेली ही मर्यादा वाळवणाच्या खळ्यावर सांभाळावयाची असते.

दुसरा हिशेब : गिरणी कर्ज फेडील काय?

गिरणीचा आराखडा बँकेपुढे ठेवताना खरा प्रश्न वेगळाच असतो. समजा, कर्जाचा वार्षिक हप्ता, विमा आणि हंगामी चालकाचे वेतन मिळून वर्षाचा स्थिर खर्च २,४०,००० रुपये आहे. भरडाईच्या २०० रुपयांतून वीज, तेल व दुरुस्ती यांचे ८० रुपये वजा जाता क्विंटलमागे १२० रुपये उरतात. स्थिर खर्च भागण्यास २,४०,००० ÷ १२० = २,००० क्विंटल भात वर्षाला गिरणीवर आले पाहिजे. घरखर्चाचे भातही गिरणीवरच भरडले जाते, म्हणून एकरी १६ क्विंटल धरल्यास १२५ एकरांचे भात लागेल.

गटाकडे आज १६० एकर भात आहे असे धरू. एकरामागे १६ × १२० = १,९२० रुपये सुटतात; त्यामुळे पहिल्या वर्षी ३,०७,२०० रुपये येऊन खर्च वजा जाता ६७,२०० रुपये शिल्लक राहते. कर्ज सात वर्षांचे आहे. पुष्कळ आराखड्यांत पहिल्या वर्षाचीच शिल्लक सातही वर्षांच्या स्तंभांत उतरविली जाते. कोष्टक देखणे दिसते, परंतु त्यात एक मोठे गृहीत न लिहिता धरलेले असते : सात वर्षे १६० एकर भात कायम राहील, हे ते गृहीत होय. माणसारख्या गावात तसे धरणे धाडसाचे आहे.

यास्तव ‘गृहीते’ पानावर स्थिर खर्च, क्विंटलमागील शिल्लक व आजचे क्षेत्र यांबरोबर ‘भातक्षेत्रातील वार्षिक घट’ ही आणखी एक चौकट करावी. दुसऱ्या पानावर सात वर्षांचे कोष्टक करावे. प्रत्येक वर्षाचे क्षेत्र मागील वर्षाच्या क्षेत्रातून ही घट वजा करून काढावे. एवढे काम साध्या सूत्रांनी होते, त्यास मॅक्रोची गरज नाही. घट ५ टक्के धरल्यास शिल्लक अशी येते : पहिल्या वर्षी ६७,२०० रुपये, दुसऱ्या वर्षी ५१,८४०, तिसऱ्या वर्षी ३७,२४८, चौथ्या वर्षी सुमारे २३,३८६ आणि पाचव्या वर्षी सुमारे १०,२१६. सहाव्या वर्षी सुमारे २,२९४ रुपयांची आणि सातव्या वर्षी सुमारे १४,१८० रुपयांची तूट येते.

मॅक्रो तयार करण्याची कृती

घट नेमकी किती होईल हे कोणासही सांगता येत नाही. म्हणून अनेक दर घालून पाहावे लागतात. मॅक्रोचे खरे काम येथे आहे. या मॅक्रोस ‘घट-चाचणी’ म्हणावे. हे ‘सब’ जातीचे मॅक्रो असते, कारण त्यास पानावरील चौकटी बदलावयाच्या असतात. ‘फंक्शन’ हे केवळ उत्तर देते, दुसऱ्या चौकटी बदलत नाही. त्याचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा.

१. घटीच्या चौकटीत आज असलेली संख्या बाजूस जपून ठेवावी.
२. ०, ३, ४, ५ आणि ८ या दरांपैकी एकेक दर त्या चौकटीत लिहावा. ही पुनरावृत्ती ‘फॉर’ आणि ‘नेक्स्ट’ या आज्ञांनी होते.
३. कोष्टकाची पुनर्गणना करून शिल्लकेच्या स्तंभात तुटीचे पहिले वर्ष शोधावे. ही पारख ‘इफ’ या आज्ञेने होते.
४. तो दर आणि ते वर्ष ‘निकाल’ पानावर लिहावे. तूट नसल्यास ‘तूट नाही’ असे लिहावे.
५. सर्व दर संपल्यावर जपून ठेवलेली मूळ संख्या चौकटीत परत लिहावी.

पाचवी पायरी अनेकदा राहून जाते. तसे झाल्यास चौकटीत शेवटचा ८ टक्के दर तसाच राहतो आणि पुढे कोणी आराखडा छापला तर तो भलत्याच गृहीतावर छापला जातो.

आज्ञा लिहिण्याचा सराव नसलेल्यांनी ध्वनिमुद्रणाप्रमाणे ‘मॅक्रो नोंदणी’ची सोय वापरावी. नोंदणी सुरू करून एका दराची सर्व कृती हाताने करावी व नोंदणी थांबवावी. संगणक त्या कृतीच्या आज्ञा स्वतः लिहून ठेवतो. लिबरऑफिसमध्ये ही सोय आधी ‘टूल्स’मधील ‘ऑप्शन्स’च्या ‘ॲडव्हान्स्ड’ विभागात जाऊन चालू करावी लागते. एक्सेलमध्ये ती ‘व्ह्यू’ विभागातील ‘मॅक्रोज’ येथे आढळते. नोंदणीने पुनरावृत्ती व पारख मिळत नाही; त्या आज्ञा नंतर हाताने घालाव्या लागतात. एक्सेलची फाइल ‘एक्सएलएसएम’ प्रकारात जतन करावी, अन्यथा मॅक्रो फाइलीत राहत नाही.

मॅक्रो चालविल्यावर निकाल असा मिळतो. घट ० किंवा ३ टक्के असल्यास सात वर्षांत तूट नाही. ४ टक्के असल्यासही तूट नाही, पण सातव्या वर्षी शिल्लक अवघी ४६३ रुपयांच्या आसपास उरते. ५ टक्के असल्यास सहाव्या वर्षी आणि ८ टक्के असल्यास चौथ्याच वर्षी तूट सुरू होते. पहिल्या वर्षी ६७,२०० रुपये शिल्लक दाखविणारी गिरणी प्रत्यक्षात ४ आणि ५ टक्क्यांमधील सीमारेषेवर उभी आहे, ही गोष्ट एका वर्षाच्या हिशेबातून कधीच दिसली नसती.

याचा अर्थ गिरणी काढू नये असा नव्हे. ५ टक्के घटीत शेवटच्या दोन वर्षांची एकत्रित तूट सुमारे १६,४७४ रुपये आहे आणि पहिल्या दोनच वर्षांची शिल्लक १,१९,०४० रुपये आहे. पहिल्या वर्षाच्या शिल्लकेचा चौथा हिस्सा, म्हणजे १६,८०० रुपये, राखीव निधी म्हणून बाजूस ठेवला, तर कर्जाचे सर्व हप्ते भागतात. ती रक्कम सभासदांत वाटून टाकली, तर सहाव्या वर्षी हप्त्यासाठी पुन्हा कर्ज काढण्याची पाळी येते. याखेरीज शेजारच्या गावांतील भात गिरणीवर आणणे, हप्ता लहान पडेल अशी यंत्रसामग्री निवडणे, हे मार्ग ‘गृहीते’ पानावरील संख्या बदलून पडताळता येतात.

पडताळणी

मॅक्रोचे उत्तर हाताने पडताळल्याशिवाय ते बँकेस किंवा सभासदांस दाखवू नये. पडताळणीच्या चार सोप्या रीती आहेत.

पहिली रीत : ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे असा प्रश्न विचारावा. घट ० ठेवल्यास सातही वर्षे ६७,२०० आले पाहिजेत. क्षेत्र १२५ एकर केल्यास पहिल्या वर्षाची शिल्लक बरोबर शून्य आली पाहिजे.

दुसरी रीत : अशक्य उत्तर ओळखावे. उताऱ्याच्या चौकटीत ०.६२ ऐवजी नुसते ६२ पडले, तर १२ क्विंटल भातातून ७४४ क्विंटल तांदूळ निघेल. तांदूळ भातापेक्षा अधिक झाल्यास ‘थांबा, उतारा तपासा’ असा इशारा मॅक्रोने द्यावा अशी आज्ञा त्यात घालावी.

तिसरी रीत : परिमाणे जुळवावीत. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर व आर यांत असते, बोलण्यात एकर व गुंठे असतात. ४० गुंठ्यांचा एकर आणि सुमारे २.४७ एकरांचा हेक्टर होतो. १६० एकर म्हणजे सुमारे ६४.७५ हेक्टर. ती संख्या एकराच्या चौकटीत पडली, तर चालणारी गिरणीही पहिल्याच वर्षी बुडीत दिसेल.

चौथी रीत : बेरजेची व्याप्ती पाहावी. खर्चाची नवी ओळ बेरजेच्या सूत्राबाहेर राहणे ही नेहमीची चूक आहे. ती विद्वानांच्याही हातून घडते. हार्वर्ड विद्यापीठाच्या राइनहार्ट व रोगॉफ या दोन अर्थशास्त्रज्ञांच्या २०१० सालच्या निबंधात, सरासरीचे सूत्र काही ओळी आधीच थांबल्याने पाच देश गणनेतून सुटले होते. हर्नडन या विद्यार्थ्याने त्यांचे मूळ कोष्टक तपासल्यावर २०१३ साली ही चूक उजेडात आली. त्या निबंधाचा आधार अनेक देशांतील सरकारी खर्चाच्या चर्चेत घेतला गेला होता. कोष्टक दुसऱ्याच्या डोळ्यांखालून घालणे किती अवश्य आहे, हे यावरून दिसते.

सुरक्षेच्या सूचना

मॅक्रोने केलेले बदल एक्सेलमध्ये ‘अनडू’ने मागे घेता येत नाहीत, म्हणून चालविण्यापूर्वी फाइलीची प्रत करून ठेवावी. परक्या ठिकाणाहून आलेले मॅक्रो चालू करू नयेत, कारण आज्ञांच्या मालिकेत घातक आज्ञाही लपविता येतात. इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतील मॅक्रो मूलतः रोखून धरण्याचे धोरण मायक्रोसॉफ्टने २०२२ साली अंमलात आणले, ते याच कारणाने. आराखडा दुसऱ्यास पाठविताना मॅक्रोविरहित प्रत व छापील गृहीते पाठविणे श्रेयस्कर होय.

मॅक्रोमधील प्रत्येक टप्प्याजवळ तो कशासाठी आहे हे एका ओळीत लिहून ठेवावे. आज लिहिणारा तरुण उद्या नोकरीनिमित्त दूर जाईल. गटाचा हिशेब मात्र सात वर्षे चालावयाचा आहे.

समारोप

आराखडा करणाऱ्या गटाने प्रथम गृहीते परिमाणांसह लिहावीत, मग एका एकराचा व एका वर्षाचा हिशेब हाताने करावा, त्यानंतर तो सूत्रांत उतरवावा आणि शेवटी पुनरावृत्तीचे काम तेवढे मॅक्रोकडे सोपवावे. भातक्षेत्रातील घट किती धरावी, हे संगणक सांगणार नाही. त्यासाठी मागील काही वर्षांच्या पीकपाहणीच्या नोंदी काढाव्यात, कोणत्या खाचरांवर पुढील हंगामात लावणी होणार आहे हे सभासदांना समक्ष विचारावे आणि येणारी संख्या कितीही अप्रिय असली तरी ती चौकटीत लिहावी. दरवर्षी लावणी आटोपताच प्रत्यक्ष लागवडीचे क्षेत्र घालून ‘घट-चाचणी’ पुन्हा चालवावी. तुटीचे वर्ष जवळ सरकत आहे असे दिसल्यास राखीव निधी वाढविण्यास गटाजवळ अजून काही हंगाम शिल्लक असतील.